भिजत घोंगडे

एखादं काम रखडलं की आपण 'भिजत घोंगडे' म्हणतो. आमच्या सबमिशनबद्दल तर हा शब्द रोजच कानावर पडतो. पण भिजलेलं घोंगडं कुणी उचलून पाहिलंय का? मी पाहिलंय. आमचं गाव गोरेगाव, जिल्हा हिंगोली. तिकडे पीक निघालं की धनगरांची मेंढरं शेतात बसवतात, खतासाठी. लहानपणी मी त्यांच्यातल्या एका बाबांचं घोंगडं खेळता खेळता हौदात टाकलं. आम्ही तिघं पोरं ओढत होतो, पण ते वर येईना. बाबा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आता चार दिवस वाळत नाही बघ ते."

त्यामागचं शास्त्र इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल तंतूच्या आत शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते. म्हणून रिमझिम पावसात घोंगड्याची खोळ घेतलेला माणूस कुडकुडत नाही. त्यात लोकरीला सहसा भडका लागत नाही, विस्तव दूर केला की ती आपोआप विझते. रात्री शेकोटीजवळ झोपणाऱ्याला आणखी काय पाहिजे? पण घोंगडं पूर्ण बुडालं तर मात्र संपलं. 'भिजत' पडतं ते हे!

तर मिनी प्रोजेक्टसाठी मी घोंगड्याचा माग निवडला. माझा रूम पार्टनर सांगोल्याकडचा, त्याच्या चुलत आजोबांच्या घरी अजून खड्ड्याचा माग चालतो. त्यांच्या वडिलांचा, त्याआधी आजोबांचा. जमिनीत खड्डा, काठावर विणकर बसणार, पाय खाली पावड्यांवर. मी स्टॉपवॉच आणि वही घेऊन शेजारी बसलो. डोक्यात उत्तर आधीच तयार होतं: मागाला मोटर बसवायची, उत्पादन दुप्पट!

आजोबांनी ऐकून घेतलं. मग पुंजक्यातला एक धागा माझ्या हातात दिला. "वढ." ओढला, तुटला. हातसूत कुठे जाड, कुठे बारीक. आपल्याकडची दख्खनी मेंढी मांसासाठी आणि काटकपणासाठी पाळलेली, तिची लोकर आखूड आणि भरड. मेरिनोचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा, दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जाड. असं सूत सोलापूरच्या पॉवरलूमवर चढवलं तर मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्यांचे झटके ते सोसणार कसं?

हातमागावर तरी ते टिकतं, ते चिंचोक्यामुळे. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, दळून पाण्यात शिजवायचं. त्यातलं पॉलिसॅकराइड चिकट खळ होतं. ताणा उन्हात पसरून कुंच्यानं ही खळ लावतात, तिला पांजणी म्हणतात. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकून धागे गुंततात. खळीनं ते खवले दबतात आणि धागा ताठ राहतो. नवं घोंगडं अंगाला टोचतं आणि पुठ्ठ्यासारखं वाटतं, त्यात या खळीचाही हात असतो. वापरून, धुऊन ते मऊ पडतं. टेक्स्टाइलच्या पुस्तकातलं 'सायझिंग' ते हेच. पुस्तकात चिंचोका एका ओळीत उरकलेला आहे, इथं मात्र सबंध सकाळ त्यात जाते.

माझी खरी चूक निराळीच होती. मी दोन दिवस माग मोजला. दोन दिवसांत एक घोंगडं झालंही, सव्वादोन किलोचं. वहीत 'एकूण वेळ' लिहून टाकला. निघताना आजी ओसरीवर चरख्याशी बसल्या होत्या. सहज विचारलं, "आजी, दिवसाला किती सूत निघतं?" म्हणाल्या, "पाव किलो. हात दुखला तर तेबी न्हाई." म्हणजे एका घोंगड्याला नऊ दिवस! माझ्या चार्टमध्ये हे नऊ दिवस नव्हतेच. अडचण मागावर नव्हती, चरख्यावर होती आणि चरख्याकडं मी पाहिलंच नव्हतं. विकताना भाव होतो तो विणलेल्या घोंगड्याचा, सूतकताईची मजुरी घरातली म्हणून कुणी धरत नाही. गिरणीचं ब्लँकेट स्वस्त का आणि घोंगडं महाग का, याचा अर्धा हिशेब इथंच अडलेला आहे.

दुसरी भीती लोकरीचीच. कातरायच्या मजुरीइतकीही किंमत लोकरीला येत नाही, म्हणून कित्येक मेंढपाळ ती टाकून देतात. कळपात कमी लोकरीचे, मांसाला चांगले मेंढे येऊ लागलेत. आजोबांची नातवंडं पुण्यात नोकरीला आहेत आणि खड्डा बुजवून तिथं मोटारसायकल लावायचा विचार घरात चाललाय. आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मी मोटरचा प्रस्ताव रिपोर्टमधून काढला. सरांनी विचारलं, "मग तुझं इंजिनिअरिंग कुठे आहे यात?" तेव्हा मी खिशातून चाती काढून दाखवली. आजींच्या जुन्या चरख्याची. ती वाकल्यामुळे सूत वारंवार तुटायचं आणि आजी तिचा दोष स्वतःच्या हाताला द्यायच्या. वर्कशॉपमध्ये डायल गेज लावून पाहिलं, टोकाला जवळजवळ 2 मिलिमीटर मारते. सध्या त्या दुसऱ्या चातीवर काम भागवतात. ही सरळ करून आणि एक जास्तीची बनवून दिवाळीआधी सांगोल्याला पोचवायची आहे.