अप-डाऊन सुटल्यावर

लिंबागणेश, ता. जि. बीड

चि. भाचीस,

तुला समोर बसवून काही सांगितलं की तू खाली बघून "हो मामा" म्हणतेस आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हे पत्र एका पोरीविषयी आहे. ती कोण, हे तुझं तू ठरव.

ही पोरगी लिंबागणेशहून बीडला अप-डाऊन करून पदवीधर झाली. सकाळच्या एसटीत गावातल्याच मैत्रिणी, मांजरसुंब्याला चढणारे ओळखीचे चेहरे, आणि शेवटचा तास सुटला की परतीची गाडी गाठायची घाई. तीन वर्षांत तिला एकही नवी मैत्रीण करावी लागली नाही. त्यामुळे आपण बुजऱ्या आहोत, हे तिच्याही ध्यानात आलं नाही. आता एम.एस्सी.चं पहिलं वर्ष, छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ आणि वसतिगृहाची खोली. संध्याकाळी गाठायला गाडीच नाही. इतका मोकळा वेळ अनोळखी माणसांत काढायचा कसा, हा प्रश्न तिच्यापुढं पहिल्यांदाच उभा राहिलाय. तिच्या स्वभावात काही बिघडलेलं नाही. फक्त सोबतीची एसटी सुटलीय.

हे विद्यापीठ १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झालं. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. दरवर्षी त्या तारखेला विद्यापीठाच्या गेटवर लोटणारी गर्दी या पोरीला जानेवारीत दिसेलच. त्याआधी तिनं त्या नावाच्या विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष बघावं. बाबासाहेब काही बुजरे नव्हते, मामा त्यांना ओढूनताणून या रांगेत बसवणार नाही. पण एकटे होते. सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले, तेव्हा वय २२. आधी हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले, पण काही आठवड्यांतच तिथून निघाले. मग भारतीय विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडात राहिले. त्यानंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये खोली मिळाली, आणि तिथं नवल भथेना हा पारशी तरुण खोलीसोबती म्हणून भेटला. हे सूत असं जमलं की पुढं १९२० साली लंडनमधलं अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब पुन्हा तिकडं निघाले, तेव्हा याच भथेनांनी त्यांना पैसे उसने दिले. आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र म्हणून बाबासाहेबांनी नंतर कोलंबियातल्या वर्गमित्रांचा आणि प्राध्यापकांचा उल्लेख केला. पण आधी तीन ठिकाणी पथारी टाकावी लागली. आपल्या पोरीनं मात्र पहिल्याच आठवड्यात, रूममेट फोनमध्ये डोकं घालून बसते एवढ्यावरून, "माझं कुणाशी जमत नाही" असा निकाल लावलाय.

रूममेटचं म्हणशील तर एक संशोधन सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या, एकाच बिऱ्हाडात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षभर अधूनमधून विचारत गेले: सोबतचा तुला किती आवडतो, आणि त्याला तू किती आवडत असशील? महिनोन्‌महिने पोरं दुसरा आकडा कमीच सांगत राहिली. म्हणजे समोरच्याला आपण आवडत होतो, अन् आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता. हे २०१८ साली छापून आलं.

दुसरा प्रयोग कॉर्नेल विद्यापीठातला, २००० साली छापलेला. एका विद्यार्थ्याला, घालायची लाज वाटेल असा, गायकाचं चित्र छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचे. त्याला वाटायचं, जवळजवळ निम्म्या लोकांनी बघितलं असणार. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही ते लक्षात राहायचं नाही. "माझं बोलणं बीडकडचं, सगळे हसतील" ही धास्ती याच जातीची. एखादी हसेलही. तिला हसू द्यावं, बोलणं बदलू नये.

धीट हो, असं मामा सांगणार नाही. तसं सांगून कुणी धीट झालेलं त्यानं पाहिलेलं नाही. बुजऱ्या माणसाला गप्पांपेक्षा काम सोपं जातं. प्रॅक्टिकलच्या टेबलावर एकीनं ब्युरेटची तोटी धरायची, दुसरीनं रीडिंग लिहायचं, "किती आलं?" विचारल्याशिवाय दोघींचंही भागत नाही. गुलाबी रंग टिकतोय का, यावर दोन माना एकाच फ्लास्कवर वाकतात. तिथं "तू कुठली गं?" आपोआप निघतं. तेव्हा प्रॅक्टिकलचा पार्टनर सारखा बदलू नये. मेसला रोज एकाच वेळी जावं, शक्यतो त्याच टेबलावर बसावं. युवक महोत्सवात स्टेजवर जायचं नसेल तर पडद्यामागं खुर्च्या, कपडे, याद्या सांभाळायला माणसं लागतातच. सेमिनारची पहिली दोन वाक्यं मात्र तोंडपाठ हवीत. सुरुवात निभावली की पुढचं जमतं.

लाजणं वेगळं आणि भिणं वेगळं. कुणी सिनियर त्रास देत असेल तर तो स्वभावाचा प्रश्न नाही. यूजीसीचे २००९ पासूनचे रॅगिंगविरोधी नियम आहेत आणि १८००-१८०-५५२२ हा फुकट नंबर आहे. झोप उडाली, जेवण जाईना, खोलीबाहेर पडवेना असं दोन-तीन आठवडे चाललं तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करावा. तिथं मराठीत बोलता येतं.

आता पैशाचं, कारण लाजण्याचा फटका खरा तिथं बसतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणजे काम झालं असं पोरी समजतात. तो आधी कॉलेज किंवा विभागाच्या लॉगिनला पडून असतो. कागदात चूक निघाली तर परत येतो, आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष गेलं. खिडकीवरच्या साहेबांना विचारायचं कसं, म्हणून गप्प राहिलेल्या पोरींचे अर्ज असेच अडकतात. दर आठवड्याला लॉगिन करून अर्ज कुठं अडलाय ते बघ. अर्जाची प्रिंट घेऊन खिडकीवर जा, आणि जाताना ब्युरेटवाल्या पार्टनरला सोबत ने. तिचाही अर्ज तिथंच असेल. उत्पन्नाच्या दाखल्याला काही अडलं तर फोन कर, तहसीलला बीडला मामा जाईल.

तुझा मामा