किवी खावी की पेरू? आणि डेंग्यूत प्लेटलेट खरंच फळाने वाढतात का?

पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की सांगली फाट्यापासून शिरोली एमआयडीसीपर्यंतच्या फळगाड्यांवर किवीचे डबे दिसू लागतात. एरवी हे फळ आपल्या वस्तीत फारसं कुणी घेत नाही. पण घरात कुणाला ताप आला, रक्ताच्या रिपोर्टात प्लेटलेट कमी आल्या, की पहिला निरोप सुटतो तो किवीचा. फाउंड्रीत रोजंदारीवर जाणारा माणूसही उसनवारी करून तीन-चार किवी घेऊन येतो. ज्या दिवसांत मागणी वाढते त्याच दिवसांत भावही वाढतो, हे सांगायला नकोच. म्हणून या वेळी आपण या फळाची नीट ओळख करून घेऊ.

किवी मूळची चीनची. 1904 मध्ये इझाबेल फ्रेझर या शिक्षिकेने तिचं बी चीनमधून न्यूझीलंडला नेलं. तिथे तिच्या बागा झाल्या आणि 1959 मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी आपल्या देशातल्या किवी पक्ष्यावरून या फळाचं नाव ठेवलं. आता आपल्याकडे अरुणाचल प्रदेश आणि हिमाचलातही किवी पिकते. थंड डोंगराळ हवेचं पीक असल्यामुळे कोल्हापूरच्या शिवारात ती येत नाही. आपल्यापर्यंत ती लांबून, शीतगृहातून येते. किमतीतला बराच भाग या प्रवासाचा असतो, तिच्यातल्या गुणांचा नव्हे.

गुण मात्र खरे आहेत. हिरव्या किवीच्या शंभर ग्रॅम गरात जीवनसत्त्व क सुमारे नव्वद मिलिग्रॅम असतं, चोथा तीन ग्रॅम, पोटॅशियम तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि उष्मांक फक्त साठेक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला 65 आणि पुरुषाला 80 मिलिग्रॅम जीवनसत्त्व क लागतं. म्हणजे एका मध्यम किवीत एका बाईची दिवसाची गरज जवळपास भागते. बद्धकोष्ठाचा त्रास असणाऱ्यांना रोज दोन किवी खाल्ल्याने पोट साफ व्हायला मदत होते, असंही अभ्यासांत दिसलं आहे. तिच्यात प्रथिनं फोडणारं एक पाचक द्रव्य असतं. म्हणूनच किवी दुधात घालून ठेवली तर दूध कडू होतं. पोरांसाठी मिल्कशेक करायला जाऊन कुणाचं दूध वाया गेलं असेल, तर त्याचं कारण हे.

आता शेजारच्या टोपलीकडे बघा. शंभर ग्रॅम पेरूत जीवनसत्त्व क दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, म्हणजे किवीच्या दुपटीहून जास्त. चोथाही पाच ग्रॅमहून अधिक. आवळा तर पेरूच्याही पुढे. आजरा-चंदगडकडे काजूची जी बोंडं झाडाखाली सडून जातात, त्यांतही हे जीवनसत्त्व भरपूर असतं. पपई, संत्रं, मोसंबी किवीपेक्षा थोडी कमी पडतात, पण एका वाटीत दिवसाचं काम भागवतात. एका किवीच्या पैशात हंगामात अर्धा किलो पेरू येतो आणि तो घरातल्या चौघांच्या वाट्याला जातो. पेरू गाड्यावर मळलेल्या पाटीत असतो आणि किवी चकचकीत डब्यात. आमच्या मते फरक एवढाच आहे, आणि महागाचं ते ताकदीचं हा समज आपल्याच खिशाला लागलेली गळती आहे.

हे जीवनसत्त्व अंगात साठून राहत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. त्यामुळे आजारपणात एकदम सहा किवी खाण्यापेक्षा रोज एक पेरू किंवा ताटात लिंबाची फोड जास्त उपयोगाची. फळ कापून तासन्‌तास उघडं ठेवलं किंवा शिजवलं की ते कमी होतं. म्हणून लिंबू आमटी-भाजीवर वरून पिळावं, उकळत्या कढईत नव्हे.

आपल्या घरांत याचा खरा उपयोग बायकांना आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, शंभरातल्या 54 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. धाप लागणं, जिने चढताना पाय गळणं, डोळ्यांच्या आतला भाग पांढरा दिसणं याला आपण ‘कामाचा थकवा’ म्हणून सोडून देतो. पोकळा, मेथी, हरभरा, मसूर, नाचणी यांत लोह असतं, पण झाडपाल्यातलं लोह अंगाला सहज लागत नाही. त्याच जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असेल तर ते जास्त लागतं. जेवल्याबरोबर घेतलेला चहा मात्र लोह अडवतो. चहा तासाभराने घ्या. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं असेल तर फळांवर भागणार नाही, गोळ्या आणि तपासणी लागतेच.

आता डेंग्यूकडे येऊ, कारण इथे चूक जिवावर बेतते.

डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि बहुतेकांच्या आठवड्याभरात आपोआप वर येतात. किवी खाल्ली तरी, न खाल्ली तरी. किवीमुळे त्या वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. रोग्याला किवी खाऊ घातली आणि चौथ्या-पाचव्या दिवसानंतर आकडा वाढला की श्रेय फळाला जातं, एवढंच. आजाऱ्याने आवडीने एखादी खाल्ली तर नुकसान काही नाही. नुकसान होतं ते ‘किवी सुरू केली आहे, दोन दिवस वाट बघू’ म्हणून दवाखान्यात जायला उशीर केल्याने. पपईच्या पानांच्या कडू रसाचंही असंच. त्याने उलटी झाली तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं, आणि डेंग्यूत खरा धोका पाणी कमी होण्याचाच असतो. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, रक्तदाब पडतो आणि माणूस हातातून जातो. कित्येकदा प्लेटलेटचा आकडा फारसा खाली नसतानाही हे घडतं.

सगळ्यात फसवा असतो ताप उतरण्याचा दिवस. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि रोज बुडू नये म्हणून कामगार भट्टीवर हजर होतो. नेमके तेच पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जपायचे असतात. त्यात फाउंड्रीतली उष्णता आणि घाम. अशा वेळी ड्युटी करू नये. ईएसआय कार्ड असेल तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के भत्त्याची तरतूद आहे, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. वर्गणीची अट पूर्ण होते का, ते विचारून घ्या.

पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून किंवा शौचातून रक्त, हातपाय गार पडणं, फार सुस्ती किंवा तगमग, सहा-सहा तास लघवी न होणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका, रोग्याला सीपीआरला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल. अंगदुखीची दुसरी गोळी किंवा इंजेक्शन आपल्या मनाने घेऊ नये. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ओआरएस, भाताची पेज, ताक, मुगाचं पातळ कढण, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं सतत द्या. चार किवींच्या पैशात ओआरएसची कितीतरी पाकिटं येतात.

आणि डास. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाणी एक दिवसाआड येतं तिथे प्रत्येक दारात पिंप असतंच. त्याला दोष देऊन उपयोग नाही. आठवड्यातून एक दिवस ते रिकामं करून आतून घासायचं, कोरडं करायचं, कापडाने झाकायचं. छपरावरचे टायर, कारखान्याच्या कुंपणालगत पडलेलं भंगार यांतही पाणी साचतं. वर्षावासात विहारात सगळे जमतातच, तिथे एक वार ठरवला तर साऱ्या गल्लीचं काम एकाच दिवशी होईल. एकाच घराने पिंप घासून डास थांबत नाहीत.

किवी घ्यायचीच असेल तर जरा दाबून बघा. दगडासारखी कडक असेल तर पिकलेल्या केळ्यासोबत पिशवीत दोन दिवस ठेवा. खाताना ओठ-जिभेला खाज आली, तोंड सुजलं तर ताबडतोब बंद करा, काहींना तिची ॲलर्जी असते. रक्त पातळ करण्याची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं, कारण किवीत रक्त गोठवणारं जीवनसत्त्व केसुद्धा असतं. मधुमेह्याने एखादी खायला हरकत नाही, रस करून मात्र नको.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसाला भेटायला जाताना किवी, केळी, शहाळं काहीच नेऊ नका. त्यांच्यातलं पोटॅशियम त्याच्या अंगातून बाहेर पडत नाही. आधी घरच्यांना विचारा, त्याला डॉक्टरांनी काय चालतं म्हणून सांगितलं आहे.