एका भुंगेऱ्याचे नाव

मुलांनो, घरी तांदूळ निवडताना तुम्ही सोंडे पाहिले असतील. तांदळाच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी रंगाचा हा किडा. त्याच्या डोक्यापुढे सोंडेसारखा बारीक भाग असतो, म्हणून त्याला सोंड्या किंवा सोंडकिडा म्हणतात. हा किडा भुंगेऱ्यांच्या फार मोठ्या गटातला आहे. पुढच्या दोन पंखांचे कठीण कवच बनलेले असणे, ही या गटाची मुख्य खूण. शास्त्रज्ञांनी आतापर्यंत भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींना नावे दिली आहेत आणि दरवर्षी त्यांत नव्या जातींची भर पडते.

नवी जात म्हणजे काय? तो किडा काही काल जन्माला आलेला नसतो. हजारो, लाखो वर्षे तो आपल्या जागी राहत असतो. फक्त तो वेगळा आहे, हे माणसाने ओळखलेले नसते. म्हणून नवेपणा किड्याचा नसतो, आपल्या ज्ञानाचा असतो.

दोन मिलिमीटरचा किडा वेगळा आहे, हे ओळखायचे कसे? तुम्ही उर्दू लिहिता, म्हणून तुम्हांला हे लवकर समजेल. हाल, जाल, चाल आणि ख़ाल (म्हणजे अंगावरचा तीळ) हे चार शब्द उर्दूत लिहून पाहा. चारही शब्दांचा सांगाडा एकच आहे. पहिल्यात नुक्ता नाही. दुसऱ्यात खाली एक, तिसऱ्यात खाली तीन आणि चौथ्यात वर एक नुक्ता आहे. एवढ्या बारीक फरकाने शब्द बदलतो, अर्थही बदलतो. लहान भुंगेऱ्यांचेही असेच आहे. वरवर पाहणाऱ्याला दोन किडे सारखे दिसतात, पण बारकाईने पाहणाऱ्याला ते वेगळे आहेत हे कळते.

या कामाची एक पद्धत आहे. किडा वाळवून कागदाच्या छोट्या त्रिकोणी तुकड्यावर डिंकाने चिकटवतात. तो तुकडा टाचणीत अडकवतात. त्याच टाचणीत एक चिठ्ठी असते. किडा कोठे सापडला, कोणत्या तारखेला सापडला आणि कोणी गोळा केला, हे तिच्यावर लिहितात. ही चिठ्ठी नसेल, तर नमुन्याची किंमत फार कमी होते.

मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी सुरू होते. शरीराची लांबी व रुंदी मोजतात. डोक्यावरच्या स्पर्शिकांना किती पेरी आहेत, ते मोजतात. पाठीवर बारीक खळगे आहेत का, ते दाट आहेत की विरळ, हे पाहतात. पंखांच्या कवचावरील रेघा, पायांची पेरी, अंगावरचे केस या सर्वांची नोंद करतात आणि चित्रे काढतात. तरीही काही जाती बाहेरून ओळखता येत नाहीत. तेव्हा किडा कोमट पाण्यात मऊ करतात आणि पोटाच्या टोकातील पुनरुत्पादनाचे अवयव नाजूकपणे बाहेर काढतात. नराचा हा कठीण अवयव बहुधा प्रत्येक जातीत वेगळ्या आकाराचा असतो. त्यामुळे पुष्कळदा शेवटचा निर्णय त्यावरूनच होतो.

नंतर जुन्या नमुन्यांशी तुलना करतात. हा किडा कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नाही, अशी खात्री झाली की त्याचे वर्णन प्रसिद्ध करतात आणि त्याला दोन शब्दांचे नाव देतात. प्राण्यांना अशी नावे देण्याची रीत स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मोजली जाते. ज्या एका नमुन्यावर ते नाव आधारलेले असते, तो संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे कोणाला शंका आली, तर तोच नमुना साक्षीदार ठरतो. आपल्या देशात असे नमुने जपणारी भारतीय प्राणिसर्वेक्षण ही संस्था १९१६ साली कोलकात्यात स्थापन झाली. तिचे एक केंद्र पुण्यातही आहे.

तुम्ही विचाराल, एवढ्या लहानशा किड्यासाठी इतका खटाटोप कशाला? त्याचे उत्तर एका खऱ्या घटनेत आहे.

साल्व्हिनिया ही पाण्यावर तरंगणारी एक नेचेवर्गीय वनस्पती आहे. तिचे मूळ घर आग्नेय ब्राझील. माणसाने ती इतर देशांत नेली. १९३९ साली ती श्रीलंकेत अभ्यासासाठी आणली गेली आणि तेथून पाण्यात पसरली. अनुकूल हवेत ती काही दिवसांतच दुप्पट होते. पापुआ न्यू गिनी देशातील सेपिक नदीच्या खोऱ्यात तिने सुमारे २५० चौरस किलोमीटर पाणी झाकून टाकले. होड्या चालेनात, मासेमारी थांबली, काही गावांतील लोकांना घरे सोडावी लागली. केरळमधील कुट्टनाडच्या भातखाचरांत आणि कालव्यांतही ती माजली. तेथील लोक तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात.

आफ्रिकेत १९७०च्या दशकात एक उपाय करून पाहिला गेला. त्रिनिदाद बेटावरून साल्व्हिनिया खाणारा एक सोंड्या आणून पाण्यावर सोडला. त्याचे नाव सिर्टोबॅगस सिंग्युलॅरिस. तो तेथे जगला, पण वनस्पती आटोक्यात आली नाही.

१९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांना साल्व्हिनियाचे मूळ घर ब्राझीलमध्ये सापडले. तेथे तिच्यावर असाच एक सोंड्या होता. सुरुवातीला तो सिंग्युलॅरिसच आहे, असे समजले गेले. तो साल्व्हिनियाखेरीज दुसरे काही खात नाही ना, याची आधी तपासणी झाली. १९८० साली तो क्वीन्सलँडमधील मूंडारा सरोवरात सोडला. १९८१ सालापर्यंत त्याने तेथील सुमारे १८,००० टन साल्व्हिनिया नष्ट केली!

आफ्रिकेत जो किडा कमी पडला, तोच येथे एवढे काम कसे करतो? शास्त्रज्ञांनी दोन्हीकडचे नमुने पुन्हा तपासले आणि ब्राझीलचा किडा वेगळा निघाला. त्याच्या अळ्या वनस्पतीच्या खोडात शिरून ते पोखरतात आणि मोठे किडे कोवळे कोंब खातात. १९८५ साली कॅल्डर आणि सँड्स यांनी त्याच्या शरीररचनेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला सिर्टोबॅगस साल्व्हिनिई हे नाव दिले. १९८०च्या दशकातच हा किडा सेपिक नदीवर आणि केरळमध्ये सोडला गेला. नद्या आणि कालवे पुन्हा मोकळे झाले. याच वर्षी, म्हणजे १९८५ साली, या ऑस्ट्रेलियन कामाला युनेस्कोचे विज्ञान पारितोषिक मिळाले.

आता विचार करा. दोन्ही किडे एकच मानले असते, तर दुसऱ्या एखाद्या देशाने चुकीचा किडा आणला असता. काम न झाल्यावर ‘हा उपायच खोटा’ असे म्हणून सोडूनही दिला असता.

आज शास्त्रज्ञ किड्यांची जनुकेही तपासतात, त्यामुळे ओळख अधिक पक्की होते. पण संग्रहालयातील जुन्या नमुन्याशी तुलना करताना शरीराच्या खुणा पाहाव्याच लागतात. त्यासाठी लागतो सूक्ष्मदर्शक, स्वच्छ वही आणि भरपूर धीर. तांदळातला सोंड्या पुढच्या वेळी फेकून देण्यापूर्वी भिंगातून एकदा पाहा आणि जे दिसेल तेवढेच वहीत लिहा.

शब्दार्थ
नमुना – अभ्यासासाठी ठेवलेली वस्तू किंवा प्राणी
स्पर्शिका – किड्याच्या डोक्यावरच्या मिशा
पेर – सांध्यांमधला भाग
खळगा – लहान खड्डा
खटाटोप – मोठी मेहनत
आटोक्यात येणे – काबूत येणे

स्वाध्याय
१. ‘नवेपणा किड्याचा नसतो, आपल्या ज्ञानाचा असतो’ असे लेखकाने का म्हटले आहे?
२. टाचणीवरच्या चिठ्ठीत काय लिहितात? ती का महत्त्वाची आहे?
३. आफ्रिकेतील आणि ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत काय फरक पडला? का?
४. घरात सापडणाऱ्या एखाद्या किड्याचे पाच वाक्यांत वर्णन लिहा.