कॅन्सरच्या संस्थेचे विश्वस्त कसे असावेत?

दौंडहून एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचे पत्र आले आहे. त्यांच्या ओळखीची काही मंडळी कॅन्सरच्या रुग्णांसाठी संस्था काढीत आहेत आणि ‘तुम्ही विश्वस्त व्हा, तुमच्या नावाला वजन आहे’ असा आग्रह धरून बसली आहेत. पत्रलेखक विचारतात, ‘मला त्या रोगातले काही कळत नाही. होऊ का?’ शिरूरकडचे एक शिक्षकही मागे असेच विचारून गेले होते. तेव्हा आज रोगाऐवजी रोग्यांसाठी चालणाऱ्या संस्थांविषयी लिहितो. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण शिबिरात रोगाची शंका आलेला माणूस वेळेत उपचाराला पोहोचतो की नाही, हे पुष्कळदा संस्थेच्या बैठकीत काय ठरले यावर अवलंबून असते.

उत्तर आधीच देऊन टाकतो. जरूर व्हा. रोगातले कळत नाही ही अडचण नव्हे. ते कळणारे डॉक्टर मिळतात. बैठकीत प्रश्न विचारणारा माणूस मात्र सहसा मिळत नाही.

आपल्याकडची रीत बघा. संस्था निघाली की पहिले शिबिर होते. मांडव पडतो, फीत कापली जाते, शाल-श्रीफळ होते आणि ‘तीनशे जणांची तपासणी’ अशी बातमी छापून येते. समजा, त्या तीनशेत आठ जणांच्या तोंडात संशयास्पद चट्टा सापडला. त्यांना चिठ्ठी मिळते, ‘पुण्याला दाखवा’. चट्टा दुखत नाही. उसाची तोड चालू असते, नाहीतर घरी लग्न असते. चिठ्ठी खिशात राहते. मग तोंड उघडेनासे होते, गळ्याला गाठ येते आणि माणूस निघतो. अशी घडी घातलेली चिठ्ठी घेऊन सहा महिन्यांनी माझ्यापुढे बसलेले रोगी मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहेत. ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांच्या दप्तरी ते ‘तपासलेले’ म्हणून जमा असतात!

हे सहा महिने फार महाग पडतात. तोंडाचा कॅन्सर लहान असताना शस्त्रक्रियेने पुष्कळदा पूर्ण बरा होतो. तोच गळ्याच्या गाठींत उतरला की शस्त्रक्रिया मोठी होते, वर रेडिएशन आणि बऱ्याचदा केमोथेरपी लागते आणि बरे होण्याची आशा बरीच खाली येते. म्हणून विश्वस्ताने ‘किती तपासले?’ एवढे विचारून थांबू नये. आठांपैकी किती जणांचा तुकडा काढून तपासणीला गेला? किती जणांचे उपचार सुरू झाले, आणि किती जणांचे पुरे झाले? जो आला नाही, त्याच्या घरी कोण जाऊन आले? हे प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. रेल्वेत मालाच्या पावत्या जुळवणाऱ्याला ते अधिक चांगले जमतील.

बार्शीचा धडा

दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने कुर्डुवाडीला उतरले की बार्शी जवळ येते. मोठे शहर नाही, वैद्यकीय महाविद्यालय नाही. तरीही तेथे डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अश्विनी ग्रामीण कॅन्सर संस्थेने नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय चालवून दाखविले. मला त्याहून मोलाची वाटते ती तेथली वही. १९८७ साली बार्शी, परांडा, भूम या भागांतील गावांसाठी कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. भारतातील ही पहिली ग्रामीण नोंदणी. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना रोगाची लक्षणे सांगत आणि कोण आजारी आहे याची विचारपूस करीत. काही वर्षांत असे दिसून आले, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. मोठे यंत्र नाही, नुसते सांगणे आणि पाठपुरावा!

पुढे १९९९ पासून टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या बरोबरीने शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी ज्या गटाला देऊ केली होती, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ही तपासणी आज जगभर स्वीकारली गेली आहे आणि तिच्या पुराव्यात आपल्या मराठवाड्यातील बायकांचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. नोंदी वर्षानुवर्षे ठेवण्याचे काम कंटाळवाणे. त्यावर पैसे खर्चायला कोणी तरी मंजुरी द्यावी लागते, आणि ती देणारी माणसे म्हणजेच संस्थेचे कारभारी.

टाटा रुग्णालय कोणी बांधले?

टाटांनी, असे आपण म्हणतो. बारकाईने पाहिले तर ते काम विश्वस्तांचे आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. पैसा ट्रस्टच्या हाती राहिला आणि रुग्णालय उभे करून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू करण्याचे काम मागे राहिलेल्या विश्वस्तांनी तडीस नेले. याच्याही पुढची गोष्ट मला मोठी वाटते. १९५७ साली रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. काम एका ट्रस्टच्या आवाक्याबाहेर वाढते आहे हे ओळखून ते मोठ्या हातांत देणे सोपे नसते. आपल्याकडे दोन खोल्यांच्या दवाखान्याची पाटीही सोडवत नाही! अध्यक्षांनंतर मुलगा, सचिवांनंतर जावई. असो.

पैसा कशावर खर्च करावा

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन बसतात. मग संस्थेला काय उरते? पुष्कळ उरते. रेडिएशन म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे. न्हावऱ्याचा किंवा पाटसचा रोगी रोज पुण्याला कसा जाणार? सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, खाणे आणि राहणे अंगावर येते. उपचार अर्धवट सुटण्याची कारणे बहुधा हीच. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेमुळे टाटा रुग्णालयाच्या किती रोग्यांचे उपचार पुरे झाले असतील, कल्पना करा. आपल्या संस्थेने पुण्यात चार खाटांची सोय केली, प्रवासभाडे दिले आणि कागदपत्रांसाठी एक जाणता माणूस ठेवला, तर ते रुग्णवाहिकेवर नाव रंगविण्यापेक्षा अधिक कामाचे आहे. रुग्णवाहिका दिसते, भाडे दिसत नाही, म्हणून देणगीदारांना आधीची आवडते. त्यांना समजावणे हेही विश्वस्ताचेच काम.

सही करण्यापूर्वी

विश्वस्त म्हणजे नुसते पत्रिकेवरचे नाव नव्हे. आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. त्यानुसार संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. आपल्या जिल्ह्यासाठी ते पुण्यास आहे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. जागा विकायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. ट्रस्टचा पैसा विश्वस्ताने स्वतःसाठी उसना घ्यायचा नाही. गैरकारभार झाला तर विश्वस्ताला काढून टाकण्याचा अधिकार कायद्यात आहे, आणि ‘मी बैठकीलाच जात नव्हतो’ हा काही बचाव नव्हे. तेव्हा घटनेची प्रत, मागील हिशेब आणि इतिवृत्ताची वही वाचल्याशिवाय सही करू नका. ‘आपल्यात कसले हिशेब’ असे कोणी म्हणाले, तर तेथून उठावे हे बरे.

मंडळात एकाच घराची आणि एकाच पक्षाची माणसे नसावीत. हिशेब समजणारा एक असावा, कॅन्सरमधून बरा झालेला एक असावा, आणि एक तरी बाई असावी, बोलणारी! स्तनातील गाठ किंवा अंगावरून जाणे या गोष्टी पुरुषांच्या बैठकीत उच्चारल्याच जात नाहीत आणि मग शिबिरात त्यांची तपासणीही राहून जाते.

रोगातले प्रत्येक विश्वस्ताला इतके ठाऊक असावे. तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातील व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे. मशेरी, तंबाखू, गुटखा खाणाऱ्याने यांकडे विशेष लक्ष द्यावे. स्तनातील न दुखणारी गाठ. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, किंवा संबंधानंतर रक्त जाणे. यांपैकी काहीही दिसले तर शिबिराची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. तीस वर्षांवरील सर्वांसाठी तोंडाची आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत होते. जाताना आधार कार्ड आणि शिधापत्रिका बरोबर ठेवावी. पुढे योजनेत नाव घालताना तीच लागतात.