काजूचा रोठा : वठलेले झाड बागेत ठेवू नका

ढेकण्याची फवारणी, खते, आळी यांबद्दल या वेळी लिहीत नाही. ते तुम्हाला पाठ आहे. साखरशेत आणि आसपासच्या वाड्यांमधून सध्या एकच विचारणा होते : बोंडे धरलेले झाड एकाएकी पिवळे का पडते? उत्तर शेंड्यात शोधू नका. खाली वाका आणि बुंधा बघा. डिंक ओघळलेला आणि मुळाशी तांबूस भुस्सा पडलेला दिसला, तर तो रोठा, म्हणजे खोड आणि मुळे पोखरणारी कीड आहे.

जव्हार-मोखाड्यात वाडी कार्यक्रमातून आंब्याबरोबर लावलेली काजूची कलमे आता थोराड झाली. रोठ्याला अशीच जून, भेगाळलेल्या सालीची झाडे लागतात. तांबूस-तपकिरी भुंगेरा बुंध्याच्या तळच्या मीटरभर भागात आणि उघड्या मुळांवर, सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी सालीखाली सहा-सात महिने खात राहते. पाने पिवळी पडतात तोवर निम्मे काम झालेले असते.

आणि मग सुरू होतात घरगुती इलाज. कोणी भोकात मीठ भरतो, कोणी रॉकेल ओततो, कोणी डांबरगोळ्या कोंबतो. अळी स्वतःच्या भुश्शाने वाट बुजवत पुढे जाते. वरून ओतलेले तिच्यापर्यंत पोचत नाही, साल मात्र करपते. बुंध्याशी पाचोळा पेटवणाऱ्यांना काय म्हणावे!

एका पाड्यावर वाळलेली दोन झाडे तोडून ओंडके कुंपणाला रचले होते, पावसाळ्याच्या सरपणासाठी. पुढच्या हंगामात कुंपणालगतची सगळी ओळ भुस्सा टाकू लागली. ओंडका फोडला तर आत जाड पांढरी अळी जिवंत, शेजारच्यात कोष. मालक म्हणाले, ‘साहेब, लाकूड तर सुकलं होतं.’ लाकूड सुकले म्हणून कोष मरत नाही.

करायचे ते असे. पटाशीने पोखरलेली साल हळूहळू काढत अळीच्या मागावर जा आणि अळी बाहेर काढून मारा. निरोगी साल विनाकारण सोलू नका. मग क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही, लिटरभर पाण्यात १० मिली, बुंध्यावर आणि उघड्या मुळांवर ब्रशने लावा. हातमोजे घाला. खाली पडलेली बोंडे आधी वेचा. औषध लागलेले बोंड पोरांच्या हाती देऊ नका, गुरांनाही घालू नका. मुळे मातीने झाका. दर महिन्याला बुंधा पुन्हा तपासा, नवा भुस्सा दिसला की पुन्हा हेच.

बुंध्याचा निम्म्याहून अधिक घेर पोखरला असेल आणि पाने पिवळी झाली असतील, तर त्या झाडावर पैसा घालवू नका. ते मुळासकट खणून काढा. सरपण हवेच असेल, तर लगेच बारीक फोडून चुलीत घाला, साठवू नका. शेजाऱ्याच्या बांधावर वठलेले झाड उभे असेल, तर त्यालाही सांगा. एकट्याची बाग साफ करून रोठा आटोक्यात येत नाही.