पुडिंगचा पुरावा कोणी खाल्ला?

इंग्रजी म्हणी आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केल्या. मी तर कॉन्व्हेंटची, त्यामुळे म्हणी अगदी तोंडावर! मागच्या सेमिस्टरला प्लेसमेंटसाठी ग्रुप डिस्कशनचा सराव चालू होता. मी ऐटीत म्हणाले, "द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग." एका सीनियरने शांतपणे विचारलं, "पुडिंग खाल्लं की पुरावाच संपला. मग हे प्रूफ कसलं?" मला काही सांगता येईना. सगळे हसले. तेव्हा ठरवलं, की म्हणीतला प्रत्येक शब्द तपासायचा. त्यातल्या काही म्हणी तुमच्यासाठी.

१) द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग : इथे प्रूफ म्हणजे पुरावा नव्हे, तर चाचणी. हा जुना अर्थ आपल्याच अभ्यासात आहे. मशीन डिझाइनमध्ये बोल्टचा 'प्रूफ लोड' शिकतो ना, तोच! बर्मिंगहॅमला १८१३ च्या कायद्याने स्थापन झालेलं 'प्रूफ हाऊस' आहे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून बंदुकीची नळी तपासतात. थोडक्यात, पदार्थ कसा झालाय ते चाखल्यावरच कळतं. प्रोजेक्टचंही तसंच. रिपोर्टचं बाइंडिंग कितीही छान असो, मॉडेल चाललं पाहिजे.

२) यू कान्ट हॅव युअर केक अँड ईट इट : केक असल्याशिवाय खाणार कसा? पण इथे 'हॅव' म्हणजे जवळ राखून ठेवणे. जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणींच्या पुस्तकात खाणं आधी येतं आणि ठेवणं नंतर. तसं वाचलं की लगेच पटतं. खाल्लेला केक डब्यात उरत नाही.

३) मेक हे व्हाइल द सन शाइन्स : 'हे' म्हणजे वाळवलेलं गवत. इंग्लंडमध्ये आपल्यासारखा ठरावीक पावसाळा नाही, भर उन्हाळ्यातही सर येते. कापलेलं गवत भिजलं तर कुजतं आणि हिवाळ्यात गुरांना चारा उरत नाही. म्हणून ऊन आहे तोवर राबायचं. 'वाहत्या गंगेत हात धुणे' हे याचं भाषांतर नव्हे. त्यात संधिसाधूपणा आहे, इथे कष्ट आहेत.

४) अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन : नऊ काय? तर टाके! कापड थोडं उसवलं तेव्हाच एक टाका घातला, तर पुढचे नऊ वाचतात. नऊच का? टाइम आणि नाइन कानाला जुळतात म्हणून.

५) द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल : सर्वांत जास्त चुकीची वापरली जाणारी म्हण. नियमाविरुद्ध उदाहरण सापडलं की नियम मोडतो, सिद्ध होत नाही. खरा अर्थ असा : 'शनिवारी लायब्ररी १ वाजता बंद होईल' अशी पाटी असेल, तर इतर दिवशी ती १ वाजता बंद होत नाही, हा नियम न लिहिताही कळतो. रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पूर्व ५६ मध्ये बाल्बसच्या बचावाच्या भाषणात असाच युक्तिवाद केला होता.

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मला कोणी एक्सपांड करून शिकवली नाही. घरात ऐकूनच कळली. इंग्रजी म्हणी मात्र मी मार्कांसाठी पाठ केल्या, म्हणून त्या दिवशी अडकले. तेव्हा दोस्तहो, जी म्हण उलगडून सांगता येते तीच ग्रुप डिस्कशनमध्ये वापरा. समोर एखादा सीनियर बसलेला असतोच!