इंग्रजीतील निषेधवचने : ‘मनाई आहे’ हे कसे सांगावे?

मराठी भाषा मनाई करते ती बहुधा वाक्याच्या शेवटी. ‘येथे कोणीही थुंकू नये’, ‘आवारात वाहने आणण्यास मनाई आहे’, ‘परवानगीवाचून प्रवेश नाही’ या तिन्ही वाक्यांत निषेध अखेरीस येतो. तोवर वाक्य कोणत्या बाजूस वळणार हे ऐकणाऱ्यास कळत नाही. इंग्रजीची रीत निराळी आहे. तेथे नकार होईल तितका आरंभी येतो आणि पुष्कळदा क्रियापदाऐवजी नामावर बसतो : ‘नो स्पिटिंग’, ‘नो व्हेइकल्स’, ‘नो एंट्री विदाउट परमिशन’. महाराष्ट्रात 2000 सालापासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे शाळेच्या भिंतीवरील इंग्रजी फलक हा आता मुलांचा वाचनपाठच झाला आहे. त्यावरील चूक फळ्यावरील चुकीप्रमाणे दुसऱ्या दिवशी पुसली जात नाही.

सर्वांत ठळक चूक दुहेरी नकाराची. आपल्याकडील फलकावर ‘येथे थुंकू नये. सक्त मनाई आहे.’ अशी दोन वाक्ये एकापुढे एक लिहिण्याचा प्रघात आहे. मराठीत त्यात काही वावगे नाही. परंतु ती दोन्ही वाक्ये एकात ओतून ‘नो स्पिटिंग इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’ असे इंग्रजी केले, की ‘न थुंकण्यास सक्त मनाई आहे’ असा अनर्थ होतो. ‘स्पिटिंग इज नॉट प्रोहिबिटेड’ हेही त्याच जातीचे. त्यात तर थुंकण्याची उघड मुभाच दिलेली आहे. ‘प्रोहिबिटेड’ या शब्दाच्या पोटात नकार आधीच आहे, त्यास दुसऱ्या नकाराची जोड लागत नाही. ‘नो स्पिटिंग’ किंवा ‘स्पिटिंग इज प्रोहिबिटेड’ यांपैकी एकच काय ते लिहावे.

दुसरी चूक धातूच्या रूपाची. ‘नो’ या शब्दापुढे नाम हवे; क्रिया सांगावयाची असेल तर ‘इंग’ प्रत्यय लागून झालेले धातुसाधित नाम हवे. ‘नो पार्किंग’ म्हणजे वाहन उभे करू नये, पण ‘नो पार्क’ म्हणजे येथे बगीचा नाही! ‘नो स्मोक’ याचा अर्थ धूर नाही एवढाच होतो, ओढणाऱ्यास त्याने काही बाधा येत नाही. वर्गात हा भेद फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखविल्यास मुले हसतात आणि हसली म्हणजे विसरत नाहीत.

आता क्रियापदांकडे वळावे. ‘प्रोहिबिट’ आणि ‘फॉरबिड’ हे दोन्ही शब्द मनाईचेच, पण त्यांची घराणी वेगळी. ‘प्रोहिबिट’ लॅटिनमधून आला. त्याचा मूळ भाव ‘पुढे धरून अडविणे’ असा आहे. अडवावयाचे ते कशापासून तरी, म्हणून त्यापुढे ‘फ्रॉम’ येतो आणि मग ‘इंग’चे रूप : ‘द रूल्स प्रोहिबिट अस फ्रॉम सेलिंग टोबॅको हिअर’. ‘फॉरबिड’ हा जुना इंग्रजी शब्द. त्यातील मूळ धातू आज्ञा करणे, जाणविणे या अर्थाचा असून तो संस्कृतातील ‘बुध्’ धातूचा दूरचा भाऊबंद लागतो. आज्ञा अमुक करण्याची किंवा न करण्याची, म्हणून त्यापुढे ‘टु’ : ‘शी फॉरबेड देम टु गो निअर द वेल’. अलीकडे ‘फॉरबिड’पुढेही ‘फ्रॉम’ वापरलेला आढळतो व तो चालतो; परंतु ‘ही वॉज प्रोहिबिटेड टु गो’ असे मात्र लिहू नये. ‘अलाउ’पुढे ‘टु’ येतो, आणि नित्याच्या बोलण्यात ‘नॉट अलाउड’ हाच प्रयोग सर्वांत सोपा व मुलांना सुचण्यासारखा आहे. ‘बॅन’ हा शब्द बहुधा सरकारी वा संस्थेच्या बंदीसाठी योजतात. त्याचे नाम ‘ऑन’ घेते. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर जी बंदी आली ती ‘बॅन ऑन प्लास्टिक बॅग्ज’. ‘प्रोहिबिशन’ हे नाम एकटेच आले तर इंग्रजी वाचकाच्या मनात प्रथम दारूबंदी उभी राहते. अमेरिकेतील 1920 ते 1933 हा काळ त्याच नावाने ओळखला जातो, आणि आपल्याकडील 1949 च्या दारूबंदी अधिनियमाच्या इंग्रजी नावातही तोच शब्द आहे.

कायद्याची भाषा या बाबतीत चांगली गुरू ठरते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 17 मध्ये अस्पृश्यतेच्या आचरणास मनाई करताना ‘फॉरबिडन’ हा शब्द योजला आहे, तर अनुच्छेद 23 मध्ये माणसांचा व्यापार व वेठबिगार यांविषयी ‘प्रोहिबिटेड’ हा. शिक्षकांच्या नित्य परिचयाच्या 2009 च्या बालशिक्षण हक्क अधिनियमातील सतरावे कलम मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करते, आणि त्याचा आरंभ ‘नो चाइल्ड शॅल’ या शब्दांनी होतो. येथे नकार कोठे बसला आहे ते पाहावे. मराठीत आपण ‘कोणत्याही मुलास... देऊ नये’ असे म्हणू. त्याचे शब्दास शब्द ठेवून ‘एनी चाइल्ड शॅल नॉट’ असे केले तर ते इंग्रजी होत नाही. ‘ऑल चिल्ड्रन आर नॉट अलाउड’ हे त्याहून धोक्याचे. त्यातून ‘काही मुलांना मुभा आहे, सर्वांना नाही’ असाही अर्थ निघतो. ‘कोणालाही प्रवेश नाही’ यास ‘नो वन इज अलाउड टु एंटर’ हेच रूप योग्य.

याहून सूक्ष्म, आणि शाळेत खरोखर अपाय करणारा घोटाळा ‘नको’ या शब्दाचा आहे. मराठीतील ‘यायला नको’ यात दोन अर्थ नांदतात : येण्याची गरज नाही, आणि येणे उचित नाही. बोलणाऱ्याचा स्वर व प्रसंग यांवरून आपण ते ओळखतो. इंग्रजीत या दोन अर्थांना दोन वेगळी रूपे आहेत आणि त्यांच्यामध्ये भिंत आहे. ‘नीड नॉट’ किंवा ‘डू नॉट हॅव टु’ म्हणजे गरज नाही, केले तरी हरकत नाही. ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई. समजा, शिक्षकांनी सूचनाफलकावर लिहावयाचे आहे की ज्यांना भागाकार येतो त्यांनी शनिवारच्या जादा तासास यायला नको. त्यांच्या मनात सवलत आहे. पण ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’, मग ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘नको’, असे समजून ते ‘दे मस्ट नॉट कम’ असे लिहितात. ज्या मुलीला भागाकार येतो, पण आणखी सराव हवा म्हणून यावयाचे आहे, ती हा फलक वाचून घरी राहते. फलकाने तिला बंदी केली आहे, आणि तिने आज्ञा पाळली आहे. चूक तिची नव्हे. तेथे ‘दे नीड नॉट कम’ हवे होते. वरच्या वर्गांत या एका जोडीसाठी एक पूर्ण तास दिला तरी तो वाया जाणार नाही. मराठी वाक्ये तोंडी सांगून ‘गरज नाही की मनाई?’ एवढेच विचारावे आणि मगच इंग्रजी रूप घडवून घ्यावे.

शाळेच्या फाटकावर ‘नो ॲडमिशन विदाउट परमिशन’ असेही लिहिले जाते. इंग्रजीत ‘ॲडमिशन’ म्हणजे आत येऊ देणे हे खरे. पण शाळेच्या दारावर त्या शब्दाचा पहिला अर्थ ‘नाव दाखल करणे’ असाच लागतो, आणि मुलास दाखल करण्यास आलेल्या पालकाने तो फलक वाचून परत फिरावे हे शाळेस शोभणारे नाही. तेथे ‘एंट्री’ शब्द ठेवावा. पालकांस उद्देशून लिहिताना तर ‘प्रोहिबिटेड’चा दंडाही नको, ‘प्लीज आस्क ॲट द ऑफिस बिफोर यू एंटर’ एवढे पुरते. ‘प्रोहिबिटेड’ राखून ठेवावा तो कायद्याच्या मनाईसाठी. 2003 च्या तंबाखूविषयक अधिनियमाने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री निषिद्ध केली असून तसा फलक आवाराबाहेर लावणे संस्थेवर बंधनकारक आहे. तेथे ‘सेल... इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’ हीच शब्दयोजना उचित होय. ‘रिस्ट्रिक्टेड’ हा शब्द मात्र तेथे घालू नये. त्याचा अर्थ ‘मर्यादित’ असा आहे, आणि विक्रेता ती मर्यादा आपल्या सोयीने ठरवील.

काही निषेधांत ‘नो’ वा ‘नॉट’ यांपैकी काहीच नसते. ‘स्टाफ ओन्ली’, ‘कीप ऑफ द ग्रास’, ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ ही त्याची उदाहरणे. यांतील शेवटचे वाक्य प्रथमोपचाराच्या पेटीतील बाटल्यांवर असते. जुन्या ब्रिटिश वळणाच्या बाटल्यांवर त्याऐवजी ‘नॉट टु बी टेकन’ असे शब्द असत. ‘टेक’ म्हणजे घेणे, न्यावे तेही ‘टेक’. म्हणून ‘येथून नेऊ नये’ असा त्याचा अर्थ करण्याचा मोह होतो. वास्तविक औषधाच्या बाबतीत ‘टेक’ म्हणजे पोटात घेणे. पेटी ज्या कपाटात असेल त्याच्या दारावर या दोन्ही वाक्यांचा मराठी अर्थ ठळक अक्षरांत लिहून चिकटवावा : ‘हे औषध केवळ बाहेरून लावावयाचे. पिऊ नये.’